बत्तीसचे चौसष्ट

लालबागच्या त्या चाळीत गणपत साटमांना विचारल्याशिवाय कुणी एसी लावत नसे. तीस वर्षं मिलमध्ये वायरमन होते. चाळीचे ते अप्पा. मीटरपासून खोलीपर्यंतची वायर पावलांनी मोजायची, तिच्यात किती वीज नुसती तापण्यात वाया जाईल ते कागदावर काढायचं, मग 'लाव' किंवा 'नको' म्हणायचं आणि कागद ज्याचा त्याला देऊन टाकायचा. हुज्जत घालणाऱ्याची खैर नसे. "करंट दुप्पट झाला की वायर चौपट तापते, दुप्पट नाय! डोक्यात शिरतंय का?" निम्म्या चाळीला त्यांनी हे दरडावून शिकवलं होतं.

म्हणून मे महिन्यात दुसऱ्या मजल्यावरची मेघना कागद घेऊन आली आणि "अप्पा, वायरिंगच्या पट्टीतून करपल्याचा वास येतोय" म्हणाली, तेव्हा अप्पा तिच्यावरच खेकसले. "हिशोब माझा आहे तो!"

त्यांची सून अपेक्षा कॉलेजात फिजिक्स शिकवायची. तिनं आधी मेघनाला एसी बंद करायला पिटाळलं, मग कागद पाहिला. आधी आठ अँपिअर, वाया बत्तीस वॅट. दुसरा एसी लागल्यावर सोळा अँपिअर, आणि पुढे अप्पांच्या टपोऱ्या अक्षरात चौसष्ट.

"अप्पा, एकशे अठ्ठावीस हवेत ना?" ती हळूच म्हणाली.

अप्पांना आधी राग आला, मग त्यांनी आपलंच अक्षर पुन्हा वाचलं. हल्ली चष्मा, किल्ल्या, शेजाऱ्यांची नावं निसटत होती. ते सगळं त्यांनी वयाच्या नावावर खपवलं होतं. हे खपणार नव्हतं. ते भयंकर घाबरले.

"या उन्हाळ्यात अजून कुणाला 'लाव' म्हणालात?"

"मेघना सोडून पाच घरं. सगळी आपल्याच चाळीतली. चल, मीच सांगतो."

धम्मपालकडे, कमलताईंकडे, दौलतकडे, शिवाच्या आईकडे अप्पांनी हात जोडले. "माझा हिशोब चुकला. एसी बंद ठेवा, वायर बदलायला लागेल." सगळे हसले. तुम्ही आणि चुकाल, अप्पा? ते हसणंच त्यांना जास्त लागलं.

"आता पाचवं?" अपेक्षानं विचारलं.

अप्पा गॅलरीतल्या दारांकडे बघत राहिले. प्रत्येक दार ओळखीचं होतं.

"पाच होती गो," ते म्हणाले. "पाच नक्की होती."

अपेक्षानं त्यांचा हात धरला आणि पहिल्या दारापासून कड्या वाजवायला सुरुवात केली.