दत्तूकाकांनी जाळलेली चिप

चिप जाळायला बसताना दत्तूकाका ऐन उन्हाळ्यातही पंखा बंद करायचे आणि सगळ्यांना गप्प बसवायचे. रावपुऱ्यात, दुकानावरच्या दोन खोल्यांत, आम्ही गिरण्यांच्या यंत्रांचे कंट्रोलर बनवत असू. यंत्राने कधी चालायचे, कधी थांबायचे, हे सगळे एका चिपमध्ये भरलेले असे. आत फ्यूजसारख्या बारीक तारा. व्होल्टेजचा झटका दिला की हवी ती वितळायची. वितळलेली पुन्हा जुळत नसे. मी कागदावरचे आकडे वाचायची, काका खटके लावून बटण दाबायचे.

“अगं, शांतीने वाच. दोनदा वाच. जाळायचं एकदाच असतं,” हे रोजचे.

त्या चिपमधला प्रोग्राम त्यांनी दोन वर्षे खपून एकट्याने लिहिला होता. मग परदेशी माल सहज मिळू लागला, आणि मालक किरीटभाईंनी चिपची नक्कल करणारे यंत्र आणले. “काका, हवे तमे आराम करो. मशीन बधुं करी लेशे,” म्हणाले, आणि आता सगळे यंत्रच करणार म्हणून काकांना घरी बसवले. पुढे तर प्रोग्राम आपणच लिहिला म्हणून गावभर सांगत सुटले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

काका भांडले नाहीत. गिरणीची मोठी ऑर्डर ठरायच्या दिवशी सरळ तिथल्या इंजिनिअरपुढे जाऊन उभे राहिले. किरीटभाई शेजारीच होते, त्यांच्यासोबत मीही.

“साहेब, ह्यांनी आणलेली कुठलीही चिप घ्या. शेवटच्या रिकाम्या जागा वाचून बघा.”

पडद्यावर एकेक अक्षर उमटले: दत्तात्रय मुजुमदार, रावपुरा, बडोदा. मूळ चिपच्या शेपटीत काकांनी नाव जाळून ठेवले होते. नक्कल करणाऱ्या यंत्राने तेही इमानाने उतरवले, आणि किरीटभाईंनी ते कधी वाचलेच नव्हते. ते आकडे मीच काकांना दोनदा वाचून दाखवले होते, अर्थ न कळता! किरीटभाईंचा चेहरा मी आजही आवडीने आठवते.

ऑर्डर काकांना मिळाली, मी त्यांच्याकडे कामाला गेले. वर्षभरात किरीटभाईंच्या खोल्यांना कुलूप लागले.

काका अंथरुणाला खिळले तेव्हा किरीटभाई आले, हात जोडून रडले. काकांनी त्यांना बसवले, काकूंना चहा करायला सांगितले.

“चा पीओ, किरीटभाई. माफी नथी.”

आठवड्याने काका गेले. काकू म्हणाल्या, “जाता जाता माफ करायला हवं होतं का गं?”

“नाही,” मी म्हटले. किरीटभाईंनी त्या दिवशी अर्धा चहा तसाच टाकला होता. तो कप मीच विसळला होता, आणि मला फार बरे वाटले होते.