पाकिटाची शपथ

कोंडाजीभाऊ खोटं बोलणारा माणूस नव्हता, हे आधीच सांगते. मागाहून कुणी मला नावं ठेवू नयेत.

नाशकाच्या फुलबाजारात माझं पोतं त्याच्या पोत्याला लागून. मखमलाबादला त्याचं झेंडू-शेवंतीचं वावर. पहाटे टेम्पोनं माल आणायचा आणि हार ओवत बसायचा. हात असा चालायचा की गिऱ्हाईक भाव करायचं विसरायचं. पण दर थोड्या वेळानं खिशातलं पाकीट काढायचा आणि उठायचा. धूर सोडत परत यायचा, खोकत बसायचा.

मागल्या उन्हाळ्यात छातीत कळ आली. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, सिगारेट सुटली तर जगाल, नाहीतर पुढची कळ शेवटची. त्याची बायको नवसाबाई हादरली. पाकीट चुलीत घातलं आणि नवऱ्याला घेऊन वणीला, थेट देवीच्या गडावर गेली. नारळावर हात ठेवायला लावला. "म्हणा, आजपासून पाकिटाला हात लावणार नाय." तिला बिचारीला सिगारेट म्हणजे पाकीट, तेवढंच ठाऊक. तो तसंच्या तसं म्हणाला.

आणि पाळलं हो त्यानं! बडीशेप चघळली, चिडचिड केली, माझ्या गिऱ्हाइकाशी भांडला. मग एका सकाळी टपरीवाल्या भिकानं चहासोबत न मागता एक सिगारेट पुढं केली. यानं घेतली.

"अहो भाऊ, देवीची शपथ ना?" मी कडाडले.

"पाकीट कुठं घेतलं, गोजराबाई? एकच तर हाय."

थट्टेनं नाही, अगदी मनापासून बोलला. त्याचीच मला भीती वाटली.

अख्खं पाकीट घ्यायचं असतं तर त्याचा हात थांबला असता. देवी आडवी आली असती, पाकिटावरचं ते सडक्या तोंडाचं चित्र आडवं आलं असतं. सुट्या सिगारेटीवर काय असतं? पांढरा कागद! सुटी विकायला बंदी आहे म्हणे. असेल बाई. मखमलाबादेपासून बाजारापर्यंत एक टपरी दाखवा मला, जिथं सुटी मिळत नाही. घराजवळ एक, पुलापाशी एक, भिकाकडं एक. जिथं जाईल तिथं तो एकच ओढायचा, आणि तिथल्या माणसाला वाटायचं, कोंडाजीनं बरीच कमी केली.

मी नवसाबाईला सांगून टाकलं. गप्प बसणं माझ्या रक्तातच नाही. तिनं विचारलं तर यानं खिसे उलटे करून दाखवले. दोरा निघाला, चुरगळलेल्या पाकळ्या निघाल्या. "पाकिटाला शिवलो असंल तर आई बघून घेईल," म्हणाला. तिला पटलं. माझ्याशी मात्र बोलणं टाकलं. म्हणे, मला तिचं सुख बघवत नाही. मेलं कसलं सुख!

दिवाळीच्या तोंडावर, झेंडूच्या ऐन गर्दीत, तो टपरीपाशीच कोसळला. आम्ही धावलो तोवर सगळं संपलं होतं. बोटातली सिगारेट खाली पडून धुमसत होती, ती मी चपलेखाली विझवली. नवसाबाई आली. ऊर बडवत त्याचे खिसे चाचपले आणि बाजाराला ओरडून सांगितलं, "बघा, पाकीट नाय! शपथ मोडली नाय त्यांनी!" मी थोटकावरचा पाय उचलला नाही.

दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला. कावळे ढिगानं, पण एक खाली उतरेल तर शपथ. पेढा ठेवला, चहा ठेवला, शेवंती ठेवली. त्याचा धाकटा भाऊ सोमनाथ हात जोडून म्हणाला, "दादा, वहिनीला आम्ही सांभाळू." तरी नाही. शेवटी तो उठला. "सिगारेटचं पाकीट घेऊन येतो," हळूच म्हणाला.

इतका वेळ मान खाली घालून बसलेल्या नवसाबाईनं त्याचा सदरा धरला.

"पाकीट नको, भावजी. त्यांची शपथ हाय." मग तिनं माझ्याकडं बघितलं, कितीतरी दिवसांनी. "सुटी आणा. एकच."

तिला कधीपासून ठाऊक होतं, ते मी आजवर विचारलेलं नाही.

सोमनाथ पायऱ्या चढून गेला आणि लगेच परत आला. टपरी काय, वरच होती.