रिकामा रकाना

पाण्याच्या तपासणीचे निकाल शोधून देणाऱ्या साधनाची माहितीपुस्तिका मी लिहितो आहे. ती वाचून एआय सहायक लोकांच्या प्रश्नांना उत्तरे देणार आहेत. आज पडद्यावर एका विहिरीपुढचा रकाना रिकामा दिसला आणि माझे लिहिणे थांबले.

पूर्वी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला असताना एका गरोदर बाईने मला विचारले होते, "सायेब, आमच्या हिरीचं पाणी प्यावं ना?" निकालांच्या वहीत त्या विहिरीपुढे काहीच लिहिलेले नव्हते. ‘माहीत नाही’ म्हणणे मला कमीपणाचे वाटले. म्हणालो, "खुशाल प्या, ताई."

"कागद बघून सांगताय नव्हं?" ती हसली आणि निर्धास्त निघून गेली. पुढे मी कधी चौकशीही केली नाही.

आज पुस्तिकेत लिहिले: नोंद नसल्यास पाणी चांगले आहे असे सांगू नये; तपासणीची नोंद नाही, त्यामुळे माहीत नाही, असे सांगावे.

हे सांगताना यंत्राला संकोच वाटणार नाही. मला वाटला होता.