उडवलेली एक ओळ

लग्नपत्रिकेच्या नमुन्यातलं 'वराचे नाव' तसंच ठेवून पत्रिका छापून आणाव्यात, तसं मी केलं. जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेतलं माझं पहिलंवहिलं पॅकेज इंटरनेटवर जगासाठी प्रकाशित केलं, आणि त्याच्या पानावर ठळक अक्षरांत झळकलं: 'तुमच्या पॅकेजचे वर्णन येथे लिहा.'

पॅकेज म्हणजे कुणीही उचलून आपल्या कामात वापरावा असा तयार कोड. माझा कोड मराठी नावं वर्णमालेच्या क्रमाने लावायचा. खांदेश्वरच्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी. सभासदांची यादी लावताना वैतागून तो लिहिला. सांगाडा आयता होता. कुणा भल्या माणसाने टेम्प्लेट ठेवलं होतं. ते उतरवायचं, नाव बदलायचं, आपलं सामान भरायचं, की झालं.

रविवारी सकाळी, चहा घेत, ते वर्णन सुधारायला बसलो. सहज पॅकेजमधल्या फायली बघितल्या आणि कप खाली ठेवला. माझ्या कोडशेजारी सोसायटीची यादी होती. खरीखुरी. नाव, फ्लॅट नंबर, मोबाइल. कोड चालतो का हे तपासायला मी ती तिथे ठेवली होती.

कुठल्या फायली बाहेर जाव्यात हे सांगणारी एक ओळ टेम्प्लेटमध्ये होती. मला ती कळली नाही, म्हणून मी ती उडवली. मिक्सरची रबरी चकतीसुद्धा मी अशीच एकदा जास्तीची समजून फेकली होती. ती ओळ गेल्यावर सगळंच्या सगळं बाहेर गेलं.

पॅकेज मागे घेतलं. त्याची आज्ञा टाइप करताना तीनदा चुकलो. पण कालपासून ते तिथे होतं, आणि डाउनलोडचा आकडा शून्य नव्हता. डाउनलोड करणारी बरीचशी यंत्रंच असतात, आपोआप नकला करतात, असं कुठेतरी वाचलं होतं. त्याने धीर येईना. नकला कुठे गेल्या असतील?

मला त्या यादीतली एकच ओळ दिसत होती, चौथ्या मजल्यावरच्या ताईंची. साताऱ्याकडून मुलीला घेऊन आल्या होत्या, मारकुट्या नवऱ्यापासून लपून. दारावर पाटी नाही. फॉर्म भरताना म्हणाल्या होत्या, "दादा, नंबर कुणाला देऊ नका." मी मोठ्या रुबाबात म्हणालो होतो, "ताई, माझ्याकडे आहे म्हणजे तिजोरीत आहे."

बायको मेथी निवडत होती. तिला सगळं सांगितलं.

"त्यांना सांगितलंत?"

"कशाला घाबरवायचं? काढून टाकलंय मी. कोण बघतंय ते."

"तुम्ही बघितलंत ना?" ती म्हणाली. "आधी वर जा."

लिफ्ट होती, तरी जिन्याने गेलो. तेवढाच उशीर. ताईंनी साखळी न काढताच दार उघडलं. मी फटीतूनच बोललो. इंटरनेट, टेम्प्लेट, फाइल असं काहीबाही. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"फ्लॅट नंबरपण होता?"

"होता."

आतून मुलीने विचारलं, "आई, कोण आहे?" ताईंनी वळून तिला आतल्या खोलीत जायला सांगितलं. मग म्हणाल्या, "नंबर बदलता येईल दादा. घर कसं बदलू?"

खाली येताना जिन्याच्या खिडकीतून गेटवर एक रिक्षा थांबताना दिसली आणि कोण उतरतंय ते बघत मी तिथेच उभा राहिलो. आमच्या पहिल्या मजल्यावरचे काका भाजी घेऊन उतरले.

वॉचमनला सांगितलं: चौथ्या मजल्यावर कुणीही आलं तर आधी मला फोन. मग घरात येऊन खुर्चीत नुसता बसून राहिलो. मी दुपारभर काही खाल्लं नाही.

संध्याकाळी बायको शेजारी येऊन बसली. म्हणाली, "मी वर जाऊन आले. उद्यापासून सकाळी त्या कामाला जायला स्टेशनला निघाल्या की तुम्ही बरोबर जायचं, आणि संध्याकाळी आणायला. त्यांची भीती जाईपर्यंत. तुमची आधी गेली तरी."