दोष आढळला नाही

तराजूमामा गाड्यांचे मिस्त्री. नट आवळून झाला की त्यावर पाना ठेवून नुसता दाब देऊन बघत आणि तो किती घट्ट बसलाय ते सांगत. यंत्रावर तपासलं तरी फारसा फरक निघत नसे, म्हणून हे नाव पडलं. तरीही ते टॉर्क पाना वापरत. हा पाना ठरवलेला जोर पुरा झाला की ‘टक्’ म्हणतो, मग थांबायचं. "हात माझा आहे, पण गाडी दुसऱ्याची," असं त्यांचं म्हणणं.

मी अवजारांच्या एका कंपनीत तक्रारींच्या खिडकीवर बसतो. अठरा वर्षं झाली. वॉरंटीतलं अवजार बिघडलं की माणसं माझ्याकडे येतात आणि त्यातली निम्मी थापा मारतात. पान्याला चार फुटी पाइप लावून त्यावर लटकतात आणि वर म्हणतात, "हातात धरला होता हो, आपोआप मोडला." एकाने स्क्रू ड्रायव्हरने भिंत फोडली होती, त्याच्या मुठीवर अजून सिमेंट होतं. रोज असलं बघून माझी नजर तिरकी झाली होती. ही सबब आहे, हे मला कळतं.

मामा आले तेव्हा पाना स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला होता.

"साहेब, हा लवकर टक् म्हणतोय. हाताला नट सैल लागतो."

असा पाना यंत्रावर चढवून तीन-तीनदा ओढून बघायचा असतो. अर्धा तास जातो. त्या दिवशी महिनाअखेर होती, टेबलावर चौदा अवजारं पडली होती आणि या महिन्यात फार अवजारं बदलून दिलीत म्हणून आमच्या साहेबांनी सकाळीच सुनावलं होतं. मी पाना हातात घेऊन एकदा वाजवला. टक् झालं. मग मागच्या आठवड्यातल्या भलत्याच पान्याचे आकडे या कागदावर उतरवले, ‘दोष आढळला नाही’ हा शिक्का मारला आणि खाली सही केली.

मामांनी तो कागद दोनदा वाचला. "मग माझाच हात चुकला असेल," ते म्हणाले. "वय झालं."

"यंत्र खोटं बोलत नाही, मामा," मी म्हणालो. वर हसलोसुद्धा.

दीड महिन्याने सुटे भाग पोचवणाऱ्या माणसाकडून कळलं, की मामांनी बसवलेलं एका व्हॅनचं पुढचं चाक उतारावर निखळलं. ते गडगडत जाऊन भिंतीला आपटलं. चालक वाचला. गॅरेजच्या मालकाने विचारल्यावर मामांनी माझा कागद पुढे केला. पाना बरोबर, म्हणजे चूक हाताची. मालक माणूस भला, त्याने कामावरून काढलं नाही. फक्त मामांना तेल बदलायला आणि भाग धुवायला बसवलं.

मला सगळं तिथल्या तिथे कळलं आणि मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवसापासून मात्र प्रत्येक अवजार दोनदा तपासू लागलो. करून करून भागला आणि देवपूजेला लागला, तशातली गत. जेवण अर्धवट टाकून उठायला लागलो, तेव्हा बायकोने खोदून खोदून विचारलं. मी सांगितलं.

"मग त्यांना जाऊन सांगा की."

"नोकरी जाईल माझी."

"त्यांची गेलीच आहे. नुसता पगार चालू आहे," ती म्हणाली आणि भांडी उचलून आत गेली. त्यानंतरही मी आठ महिने काढले. दर सोमवारी ठरवायचो आणि शनिवारपर्यंत टाळायचो.

मग एके दिवशी मामाच खिडकीशी आले. तोच पाना, तेच फडकं.

"हा ठेवून घ्या, साहेब. कुणालातरी द्या. माझ्या काही उपयोगाचा नाही राहिला." मग कसनुसं हसून म्हणाले, "आता घरचा नळसुद्धा बायकोकडून तपासून घेतो."

मी पाना ठेवून घेतला असता तर ते निघून गेले असते आणि हे प्रकरण कायमचं मिटलं असतं. तो विचार मनात आला, हे लपवत नाही. पण त्यांचा हात खिडकीच्या फळीवर होता आणि माझ्याने तो बघवेना.

"मामा, जरा आत या."

पाना यंत्रावर चढवला. त्यांनीच जोर एकशेवीसवर लावला, त्यांनीच ओढला. टक्. यंत्रावर आकडा आला चौऱ्याऐंशी. पुन्हा ओढला, त्र्याऐंशी. तिसऱ्यांदा चौऱ्याऐंशी.

मामा आकड्याकडे बघत राहिले. "नंतर पडलाबिडला असेल कुठे," ते म्हणाले.

"नाही मामा. तुम्ही आणला तेव्हापासूनच असा होता. मी तपासलाच नव्हता. आकडे दुसऱ्याचे उतरवले."

ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"त्या व्हॅनचा नट सैल आहे, हे हाताला कळलं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "अजून अर्धा फेरा देणारच होतो. तुमचा कागद आठवला आणि थांबलो."

मी पाना यंत्रावरून उतरवून त्यांच्यापुढे ठेवला.

"हे सगळं लिहून द्या," ते म्हणाले.

मी लिहिलं. पाना न तपासता खोटे आकडे भरले, चूक मिस्त्रींच्या हाताची नव्हती, माझी होती. खाली सही केली. दुसरी प्रत आमच्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली, तिचं काय व्हायचं ते होईल. मामांनी कागद तसाच दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. माफ केलं असं म्हणाले नाहीत. मीही मागायला धजलो नाही.

निघताना त्यांनी माझ्या टेबलाच्या पायाचा बोल्ट चिमटीत धरला आणि क्षणभर थांबले.

"हा सैल आहे."

ते गेल्यावर मी त्याला पाना लावला. अर्धा फेरा फिरला.