पडद्यावर चिमणाबाईंचं नाव

नवरा सहादू गेल्यावर चिमणाबाई सुरगाण्याहून नाशिकला, म्हसरूळला मुलाकडे राहायला आल्या. मुलगा हिरामण सरकारी कचेरीत लिपिक, सून रोशनी शाळेत शिक्षिका, नात तेजल कॉलेजात. सकाळी दहापर्यंत तिघंही बाहेर पडत आणि घर शांत होई.

दुपारी दोनला गावाकडून थोरला भाऊ पुंजा हॉलमधल्या कॉम्प्युटरवर दिसायचा. त्याची सून मोबाइल लावून द्यायची. इकडे चिमणाबाईंनी हिरव्या खुणेवर क्लिक केलं की झालं. त्यासाठी रोशनी जाताना कॉम्प्युटरवरचं आपलं खातं उघडं ठेवायची. एके दिवशी माउस भलतीकडेच लागला आणि रोशनीनं दोन दिवस खपून केलेली सहामाहीची प्रश्नपत्रिका पुसली गेली. रोशनी न रागावता पुन्हा टाइप करायला बसली. पण दुसऱ्या दिवसापासून चिमणाबाई कॉम्प्युटरकडे फिरकल्या नाहीत. दोन वाजता तो वाजून वाजून थांबायचा आणि त्या आत नागली, म्हणजे नाचणी, निवडत राहायच्या.

आठवड्यानं पुंजानं हिरामणला फोन केला. "चिमणी बरी हाय ना? उचलतच नाय."

तेव्हा घरात सगळ्यांना कळलं की त्या कॉम्प्युटरला हातच लावत नाहीत. रविवारी रोशनीनं सासूला कॉम्प्युटरसमोर बसवलं.

"आई, तुमचं वेगळं खातं काढू. मग काहीही दाबा, माझं काही पुसलं जाणार नाही. नाव 'आई' लिहिते हं."

"आई तुमची," चिमणाबाई म्हणाल्या. "मला नाव नाय का?"

रोशनीचा हात थांबला. लग्नाला वीस वर्षं झाली होती. सासूचं नाव तिनं फक्त आधार कार्डावर आणि रेशन कार्डावर वाचलं होतं. तिनं 'चिमणाबाई' असं टाइप केलं आणि पडद्यावर घरातल्या तिघांच्या गोल चित्रांशेजारी चौथं आलं.

पासवर्डाचं मात्र अडलं. चिमणाबाईंना अक्षरओळख नव्हती. तेजलनं शोधून काढलं की फोटोवर माउसनं तीन खुणा केल्या तरी चालतं, फक्त रोज त्याच करायच्या. हिरामणनं लगेच वडिलांचा फोटो पुढे केला.

"नको बाबा. रोज त्यांच्या तोंडावर रेघोट्या ओढू का?"

सगळ्यांबरोबर हिरामणही हसला. मग तेजलनं गावाकडे काढलेला एक फोटो त्यांना आवडला. त्यात घर होतं, विहीर होती, बाजूला मोहाचं झाड. मोहाभोवती गोल, दारावर एक क्लिक आणि घरापासून विहिरीपर्यंत सरळ रेघ, असं ठरलं. दुसऱ्यांदा करून दाखवताना चिमणाबाईंनी रेघ विहिरीपासून घराकडे ओढली.

"उलटी झाली, आजी."

"पाणी भरून घरीच येते ना मी?"

रोशनीनं खूण बदलून त्यांच्या मनासारखी ठेवली. हात थरथरतो म्हणून माउसचा बाण मोठा केला, त्याचा वेगही कमी केला. तेजलनं त्या खात्यात पुंजाचा फोटो तेवढा ठेवला, क्लिक केलं की त्याला फोन लागेल असा.

सोमवारी दोन वाजता चिमणाबाई एकट्याच बसल्या. पहिल्यांदा गोल वाकडा गेला. दुसऱ्यांदा दार चुकलं. त्यांनी हात पदराला पुसला, जरा थांबल्या आणि तिसऱ्यांदा पडदा उघडला. त्यांनी पुंजाच्या फोटोवर क्लिक केलं.

"आज कोणी लावून दिला?" पुंजानं विचारलं.

"मीच लावला. माझं खातं हाय."

पुंजाला त्यातलं फारसं कळलं नसावं. त्यानं सुनेला मोबाइल घरासमोरच्या भाताच्या शेताकडे फिरवायला सांगितलं. भात नुकतं निसवलं होतं, लोंब्या बाहेर आल्या होत्या. चिमणाबाई पडद्याजवळ झुकल्या.

"दादा, खालच्या अंगाला बांध फुटलाय. पाणी जातंय बघ."

"खरंच की!" म्हणत पुंजा फावडं घेऊन निघाला. तो परत येईपर्यंत चिमणाबाई त्याच्या सुनेशी बोलत बसल्या.