सरांच्या नावाची मुदत

महिना होत आला त्या दिवसाला. दुपार कलली होती आणि काकूंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा, फोन आला. "दत्ता, सर गेले रे..." एवढंच त्या बोलल्या. शिवानंद सरांचं आजारपण लांबलेलं होतं, ही बातमी कधीतरी येणार हे ठाऊक होतं. 

सोलापुरातल्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये सर कॉम्प्युटरचं काम बघायचे. मी जेऊरचा; आमच्या घरात कॉलेजला गेलेला पहिलाच. मुलाखतीत इंग्रजीत अडखळलो, तर सर म्हणाले, "कन्नड येतं का? नाही ना? मग मराठीत सांग की." अक्कलकोटकडचे होते ते, घरी कन्नड बोलणारे. त्यांनी मला ठेवून घेतलं, शिकवलं. आज माझं घर चालतं ते त्यांच्यामुळे.

त्यांनी शिकवलेलं पहिलं काम म्हणजे मेसेजची रांग. पेशंटचा रिपोर्ट डेटाबेसमध्ये नोंदवला, की त्याच वेळी, त्याच डेटाबेसमध्ये, त्याला पाठवायच्या मेसेजचीही नोंद व्हायची. दोन्ही एकदम, नाहीतर एकही नाही. मग छोटे प्रोग्रॅम रांगेतून एकेक मेसेज उचलायचे, दुसऱ्यानं तोच उचलू नये म्हणून त्यावर आपलं नाव टाकायचे, आणि पाठवून झाला की नोंद काढून टाकायचे. एखादा प्रोग्रॅम मध्येच बंद पडला तर? त्यासाठी सरांनी मुदत घातली होती. दहा मिनिटांत काम झालं नाही, तर नाव आपोआप पुसलं जाई आणि मेसेज रांगेत परत येई. "उचलणारा मेला तरी निरोप अडकता कामा नये," असं सर चहा पिता पिता अगदी सहज म्हणायचे.

चुकीचा नंबर, बंद फोन, अशानं न पोचलेले मेसेज सरांकडे आणि माझ्याकडे यायचे. आम्हीही ते आपल्या नावावर घ्यायचो आणि घरच्यांना, शेजाऱ्यांना, कुणाला ना कुणाला गाठून निरोप द्यायचो. आम्हाला मात्र मुदत नव्हती. सर काम अर्धवट सोडतील असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं, त्यांच्या स्वतःच्याही.

आजारी पडल्यावर ते घरून लॅपटॉपवर काम करू लागले. एका दुपारी अकलूजकडच्या एका गरोदर बाईचा रिपोर्ट आला. रक्त फारच कमी झालेलं; ताबडतोब दवाखान्यात न्या, अशी डॉक्टरांची सूचना. मेसेज पोचला नव्हता आणि त्यावर नाव होतं सरांचं. मी वाट पाहिली... पुन्हा पाहिलं, नाव तसंच. सरांनी घेतलेलं काम काढून घ्यायला माझा हात धजेना. शेवटी त्यांच्या घरी फोन लावला. "औषधानं डोळा लागलाय. उठवू का?" काकूंनी विचारलं. तेवढ्यात मागून सरांचाच आवाज आला, "कोण, दत्ता? मला काय विचारतोयस? त्या बाईला फोन लाव की आधी!"

तिचे सासरे फोनवर भेटले, तिला घेऊन लगेच निघाले. संध्याकाळी रक्त चढवल्याचं कळलं. सरांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "आता माझ्या नावाला पण मुदत घाल."

"सर, तुम्हाला कशी..."

"का? मी काय देव लागून गेलो? मशीनला दहा मिनिटं, तेवढीच मला. लाड नकोत."

"घरात पण घाल रे बाबा ती मुदत," काकू मागून म्हणाल्या, "पंखा दुरुस्त करतो म्हणून वर्ष झालं!" सर हसले, हसता हसता खोकले. तो बदल तसा दोन ओळींचा होता. पण एवढ्या सावकाश मी कधी काही टाइप केलं नसेल.

ते गेले त्या दुपारीही त्यांनी एक मेसेज उचलला होता, आमच्या जेऊरच्या एका आजींचा. थोड्या वेळानं तो रांगेत परत आला. औषधानं डोळा लागला असेल, असं मला वाटलं. काकूंचा फोन अजून यायचा होता. मी तो माझ्या नावावर घेतला आणि शेजाऱ्यांच्या फोनवर आजींना गाठलं.

"रिपोट बरा हाय न्हवं?"

"व्हय आजी, चांगला हाय."

"मागल्या खेपंला दुसरं सायब बोललं व्हतं. लई निवांत सांगत व्हतं बग. ते कुटं गेलं?"

"झोपलेत जरा," मी म्हणालो.

"मग झोपू दे," आजी म्हणाल्या, "उठवू नगंस."